जुनी स्पोर्ट्स कार घेताना : सौद्यापेक्षा सांभाळण्याचा खर्च मोठा

उमरगा, प्रतिनिधी :

सर्वसामान्य मराठी घरात 'स्पोर्ट्स कार' हा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००२ मध्ये. सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीने सचिन तेंडुलकरला 'फेरारी ३६० मॉडेना' भेट दिली आणि मायकेल शूमाकरच्या हस्ते तिची किल्ली त्याच्या हाती आली. पुढल्याच वर्षी या गाडीवरील आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला. सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे हे शुल्क अखेर कंपनीने भरले. २०११ मध्ये हीच गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. देशातील सर्वाधिक चर्चेची स्पोर्ट्स कारदेखील नऊ वर्षांत 'सेकंडहँड' झाली!

या प्रसंगातून एक साधी गोष्ट ध्यानात येते. वेगवान गाडी भेट म्हणून मिळाली तरी फुकट पडत नाही. मग स्वस्तात मिळालेली जुनी गाडी स्वस्त कशी पडेल?

हा प्रश्न उमरग्यात विचारण्यास कारण आहे. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९ आणि आताचा ६५, शहरातून जातो. तलमोडच्या पुढे कर्नाटकाची हद्द लागते आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवर हैदराबाद आहे. जुन्या गाड्यांची ही मोठी बाजारपेठ उमरगेकरांना पुण्यापेक्षा जवळची. मोबाइलवर जाहिरात पाहायची, सकाळी निघायचे आणि रात्री गाडी दारात आणायची, इतके ते सोपे वाटते. एकेकाळी पंधरा-वीस लाखांना विकली गेलेली गाडी तीन-चार लाखांत मिळत असेल, तर तरुणांना मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र हे पैसे बहुधा उसाच्या बिलाचे किंवा वडिलांच्या ठेवीचे असतात. म्हणूनच सौदा करण्यापूर्वी हा हिशेब नीट मांडून पाहिला पाहिजे.

'स्पोर्ट्स कार' म्हणजे नेमकी कोणती?

काटेकोर अर्थाने पाहिल्यास आपल्याकडे स्पोर्ट्स कार फार थोड्या बनल्या. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ मध्ये आणलेली दोन आसनी 'सॅन स्टॉर्म' ही त्यांपैकी एक. फायबरची काया आणि रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन अशी तिची रचना होती. आजची साधी कुटुंबाची गाडीही तिच्यापेक्षा अधिक ताकदीची असते. पण तिची ऐट निराळीच होती. त्यानंतर २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'डीसी अवंती' झळकली.

बाजारात प्रत्यक्ष मिळतात त्या मात्र बहुतेक 'स्पोर्टी' गाड्या, म्हणजे चार दारांच्या साध्या दिसणाऱ्या, पण जोरकस इंजिनाच्या. त्याच फियाटची २००१ मध्ये आलेली, १.६ लीटर इंजिनाची 'पॅलिओ जीटीएक्स' अनेकांना आठवत असेल. पॅलिओच्या जाहिरातीत सचिनच होता. मराठवाड्याला अधिक जवळची म्हणजे स्कोडाची 'ऑक्टाव्हिया आरएस'. तेव्हाच्या औरंगाबादजवळील, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्याचे नाव देशभर नेणाऱ्या गाड्यांपैकी ही एक. २००४ मध्ये १.८ लीटर टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती घेऊन ती बाजारात आली. २०११ मध्ये 'लॉरा व्हीआरएस' हे तिचे पुढचे भावंड आले. यांपैकी एकही गाडी आज नवी मिळत नाही. ज्याला घ्यायची आहे त्याला जुनीच घ्यावी लागते.

इतकी स्वस्त का?

गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारच्या व्यवहाराचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. पंधरा लाखांची गाडी आज तीन लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो, क्लच, ब्रेक डिस्क आणि गिअरबॉक्स हे पंधरा लाखांच्या गाडीचेच असतात आणि त्याच भावाने येतात. किंबहुना उत्पादन बंद झाल्यामुळे ते शोधावे लागतात आणि शोधण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. पहिला मालक गाडी विकतो, तेव्हा पुष्कळदा असाच एखादा मोठा खर्च त्याच्यासमोर उभा असतो. तो खर्च टाळण्यासाठीच त्याने भाव उतरवलेला असतो. खरेदीदार ज्याला सवलत समजतो, ती अनेकदा पुढे ढकललेली दुरुस्ती असते.

इंजिनात काय पाहावे?

पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा. इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा हा रबरी पट्टा ठराविक किलोमीटर किंवा ठराविक वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावा लागतो. ऑक्टाव्हिया आरएसच्या टर्बो इंजिनात पट्टा तुटला, तर पिस्टन झडपांवर आदळून इंजिनच उतरवावे लागते. गाडी 'फक्त चाळीस हजार चालली आहे' हे ऐकून खूश होऊ नये. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे आणि सोबत पाण्याचा पंपही बदलावा.

दुसरा प्रश्न टर्बोचा. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा हा पंखा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचे आयुष्य सर्वस्वी ऑइलवर अवलंबून असते. ऑइल वेळेवर बदलले नाही की त्याचा चिकट गाळ होतो, वाहिन्या तुंबतात आणि टर्बो कोरडा पडतो. गाडी थंड असताना पहिल्यांदा आपल्यासमोरच सुरू करण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर त्या दिवशी परत यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू होताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळते आहे. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी इंजिनात शिरत असल्याची शंका घ्यावी.

तिसरी गोष्ट क्लच आणि गिअरबॉक्स. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यास इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सची जुनी गाडी असेल, तर गाडी हलकेच सरकताना बसणारे झटके दुर्लक्षू नयेत. त्याची दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाइतकी होऊ शकते.

या पिढीच्या बहुतेक गाड्यांना संगणकीय तपासणीचे यंत्र, अर्थात 'स्कॅनर', जोडता येते. अनुभवी मेकॅनिककडून ही तपासणी अवश्य करून घ्यावी. किल्ली फिरवल्यावर 'चेक इंजिन', एबीएस आणि एअरबॅगचे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. ते मुळीच लागत नसतील, तर दिवाच काढून टाकलेला असण्याचा संभव आहे.

अंगावरच्या खुणा

अपघातात सापडलेली गाडी रंगवून नवी करता येते, पण खुणा राहतात. बॉनेट आणि दारांच्या बिजागरांवरील बोल्टना पान्याचे ओरखडे आहेत का, दोन पत्र्यांमधील फट सर्वत्र सारखी आहे का, रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे उडालेत का, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. छोटे लोहचुंबक जवळ ठेवावे. पत्र्यावर ते चिकटले नाही तर खाली लांबी भरलेली असते. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीला अर्थातच ही युक्ती लागू पडत नाही. तिथे तडे शोधावेत आणि गाडी जॅकवर घेऊन खालचे लोखंड पाहावे. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीची काया शाबूत आणि तळ गंजलेला, असे आढळू शकते.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा धोका वेगळाच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. अशी गाडी वरून धुऊन-पुसून चकचकीत होते. मात्र आसनाच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा गाळ, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा चिखलाचा डाग आणि कुबट वास लपत नाही. स्पोर्टी गाडीत विजेची यंत्रणा अधिक असल्याने पुराचे दुखणे तिला अधिक काळ छळते.

टायरच्या कडेवरील चार आकडी क्रमांक वाचण्यास शिकावे. '२३१८' याचा अर्थ २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही खोल असली, तरी इतके जुने रबर महामार्गाच्या वेगाला लायक नसते. रुंद टायरचे माप आपल्या गावात मिळते का, तेही आधीच विचारून ठेवावे.

पेट्रोलचा नवा प्रश्न

उसाच्या पट्ट्यातील वाचकांना इथेनॉलचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. शेतकऱ्यासाठी ही बाब दिलाशाची असली, तरी वीस वर्षांपूर्वीची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, सील यांना ते मानवत नाही. त्यातच हौसेची गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या तपासून बदलणे हा अशा गाडीसाठी आता पहिल्या वर्षाचाच खर्च समजावा. इथेनॉलमध्ये उष्मांक कमी असल्याने अ‍ॅव्हरेजही थोडे घटते.

मेकॅनिक किती दूर?

उमरग्यातील मेकॅनिक कसबी आहेत. ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सारे काही ते उघडतात आणि जोडतात. पण टर्बो पेट्रोल इंजिनासाठी लागणारी खास हत्यारे आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी असतीलच असे नाही. त्यासाठी सोलापूर, लातूर, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. जी गाडी मराठवाड्यातच तयार झाली, तिचा कारखानाही येथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. बंद पडलेली गाडी ट्रकवर चढवून नेण्याचा खर्च हिशेबात धरला नाही, तर पहिल्याच दुरुस्तीला डोळे पांढरे होतात. फियाटसारख्या कंपनीने २०१९ मध्ये भारतातील विक्रीच थांबवली. तिच्या जुन्या गाड्यांचे भाग मिळवण्यासाठी ओळखीपाळखी लागतात. गाडी घेण्याआधी मेकॅनिक शोधावा. हा क्रम उलटा करू नये.

कागदपत्रे : खरी परीक्षा येथेच

हैदराबाद किंवा कर्नाटकातून आणलेली गाडी 'एमएच २५' पासिंग करून घेणे हे अनेकांना किरकोळ काम वाटते. कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच 'एनओसी', आवश्यक असते. महाराष्ट्राचा एकरकमी कर गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून आकारला जातो. मूळ किंमत मोठी असल्याने जुन्या महागड्या गाडीचा हा आकडाही चकित करतो. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण ती रक्कम हाती येईपर्यंत तिच्यावर विसंबू नये. हैदराबादच्या २०१४ पूर्वीच्या गाड्यांवर आंध्र प्रदेशाची 'एपी' अक्षरे असतात, त्यांचे कामकाज आता तेलंगणाच्या कार्यालयांत चालते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २००४ च्या ऑक्टाव्हियाचे नूतनीकरण २०१९ आणि २०२४ अशा दोन वेळा झालेले असले पाहिजे. २०११ मध्ये नोंदलेल्या लॉराची पहिली पंधरा वर्षे २०२६ मध्ये भरतात. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५ हजार आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ४० हजार रुपये करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर त्याहून निराळा. पंधरा वर्षांची मुदत भरत आलेली गाडी एकाएकी स्वस्तात का निघाली, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

आरसी बुकावरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंतीच्या निर्मात्याला अटक केली, तेव्हा एकाच क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंदणी आणि कर्जप्रकरणे झाल्याचा आरोप होता. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु खरेदीदाराने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. 'वाहन' संकेतस्थळावर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे काय, विमा आणि नोंदणीची मुदत किती, हे पाहता येते. बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलनेही तपासावीत. वेगवान गाडीच्या नावावर ती असण्याची शक्यता अधिक!

सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०, घेऊन गाडी वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरवण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा गाडीचा अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे विकणाराही सुटत नाही. घेणाऱ्याचीही सुटका नाही, कारण विमा त्याच्या नावावर नसल्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाची 'नो क्लेम बोनस'ची सवलत गाडीबरोबर येत नाही, ती त्या व्यक्तीची असते. सर्वसाधारण विम्यात दाव्याच्या वेळी रबर व प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी आणि फायबरच्या भागांची तीस टक्के किंमत घसारा म्हणून वजा होते, हेही माहीत असावे.

आधीच्या हौशी मालकाने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, वाढीव ताकदीची संगणकीय चिप किंवा दुसरेच इंजिन बसवले असेल, तर सावध व्हावे. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. असे बदल नूतनीकरणाच्या तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात आडवे येतात.

वेग आणि रस्ता

चौपदरी महामार्गावर जुन्या इंजिनाची ताकद अजमावण्याची इच्छा होणारच. पण ऊस हंगामात रात्री याच रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, गुरे आडवी येतात, गावाजवळ दुचाकी उलट दिशेने येते. २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या प्रत्येक गाडीत ती असेलच असे नाही. असली तरी वीस वर्षांच्या ब्रेक होजवर आणि झिजलेल्या सस्पेन्शन बुशवर किती भरवसा ठेवायचा? इंजिनाआधी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांवर पैसा खर्च करावा. ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतरही नको.

हिशेब कसा मांडावा?

समजा, चार लाखांत सौदा ठरला. चार टायर, टायमिंग बेल्ट आणि पंप, सर्व ऑइले, ब्रेक, सस्पेन्शनचे रबर, बॅटरी, इंधनाच्या नळ्या आणि त्यावर कर, पासिंग व विमा. पहिल्याच वर्षी लाख-सव्वा लाख रुपये हाताशी असावेत, असे धरून चालणे शहाणपणाचे. ढोबळ नियम असा की, खिशात जेवढे आहे त्याच्या तीन चतुर्थांशाहून महाग गाडी घेऊ नये. उरलेला चौथा हिस्सा गाडीच स्वतःहून मागून घेते. दोन गाड्यांमध्ये निवड करायची झाल्यास कमी किमतीच्या गाडीपेक्षा पावत्यांची जाड फाइल असलेली गाडी घ्यावी. आणि घरात ही एकमेव मोटार असणार असेल, तर घेऊच नये. रात्री आजारी माणसाला सोलापूरला न्यायची वेळ आली, तर ती सुरू होईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

एवढे सारे पाहूनही ज्याचे मन मागे फिरत नाही, त्याने जरूर घ्यावी. चांगली निगा राखलेली जुनी गाडी नव्या गाडीत न सापडणारा आनंद देते, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा रस्ता, स्वतः टाकलेला गिअर आणि टर्बोची ती एका क्षणाची ओढ, यांचे मोल पैशांत करता येत नाही. मात्र हैदराबादहून गाडी आणताना सोबत एक विश्वासू मेकॅनिक आणि पुरेसा वेळ न्यावा. सौदा त्याच दिवशी उरकायची घाई विक्रेत्याला असेल, तर रिकाम्या हाताने परतण्याचीही तयारी ठेवावी.